व्हिएन्नात तीन दिवस, दोन ट्रामच्या आधाराने

माझ्या ओळखीची बहुतेक पुणेकर मंडळी युरोपला निघतात तेव्हा दहा-बारा दिवसांत सहा-सात देश असा त्यांचा बेत असतो, आणि त्यात व्हिएन्नाच्या वाट्याला जेमतेम एक रात्र येते. संध्याकाळी बसमधून राजवाड्याचे दर्शन, सकाळी मोठ्या चर्चसमोर छायाचित्र आणि दुपारी पुढच्या देशाकडे प्रस्थान. गेल्या ऑक्टोबरमध्ये मी आणि माझी थोरली बहीण म्युनिकला भाचीकडे गेलो होतो. मधले तीन दिवस मोकळे मिळाल्यावर भाची म्हणाली, "मावशी, आता निघालाच आहात, तर साल्झबुर्ग आणि बुडापेस्टही करून या." ताईने नकाशा मिटून ठेवला आणि म्हणाली, "एकच गाव, पण नीट." अडुसष्टाव्या वर्षी ती जे ठरवते ते सहसा बदलत नाही आणि या वेळी ते बदलावे असे मलाही वाटले नाही. गुरुवार ते रविवार या दिवसांत आम्ही काय पाहिले, काय मुद्दाम सोडले आणि कोणत्या गोष्टींना वेळ दिल्याचे समाधान वाटले, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी तयारीविषयी थोडेसे. जर्मनी आणि ऑस्ट्रिया दोन्ही शेंगेन क्षेत्रात असल्यामुळे एकाच व्हिसावर काम होते. मात्र ज्या देशात अधिक दिवस राहायचे असेल त्या देशाकडे अर्ज करावा लागतो आणि किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवास विमा जोडावा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो, तेव्हा तो शेवटच्या आठवड्यांवर ढकलू नये. म्युनिकहून थेट आगगाडी चार तासांत व्हिएन्नाला पोहोचते आणि वाटेत पासपोर्ट तपासला जाऊ शकतो, म्हणून तो पिशवीच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावा. दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी की रविवारी तिथली दुकाने बंद असतात. मोठ्या स्थानकांतली काही दुकाने सोडली तर दूध-फळेसुद्धा मिळत नाहीत, त्यामुळे खरेदी शनिवारी दुपारपर्यंत उरकलेली बरी.

आमचा सारा बेत दोन ट्रामवर उभा होता: डी आणि ७१. मुख्य स्थानकाजवळून निघणारी डी ट्राम बेल्व्हेडेर राजवाड्यावरून रिंगश्ट्रासे या वर्तुळाकार रस्त्यावर येते, ऑपेरा, संग्रहालये, संसद, नगरपालिका आणि विद्यापीठ यांच्या दारांवरून जाते आणि शेवटी शहराच्या उत्तरेला द्राक्षमळ्यांच्या पायथ्याशी नुसडॉर्फला थांबते. मार्गदर्शकासह फिरणाऱ्या महागड्या बसमधून जे दाखवतात, त्यातले बरेचसे या ट्रामच्या खिडकीतून साध्या तिकिटात दिसते. पुण्याच्या मेट्रोत तिकीट दाखवल्याशिवाय फाटक उघडत नाही. व्हिएन्नाच्या मेट्रोला फाटकच नाही. कागदी तिकिटावर शिक्का नसेल तर ते प्रवाशाने स्वतः यंत्रात घालून उमटवायचे आणि आत जायचे. हा विश्वास आहे, पण तपासनीस साध्या कपड्यांत येतात आणि दंड जबर असतो, हे नवख्या माणसाने लक्षात ठेवावे.

रिंगश्ट्रासेचा इतिहास समजला की ट्रामचा प्रवास अधिक रंगतो. जुन्या गावाभोवती तट होता आणि तटाबाहेर मोकळे पटांगण. १८५७ मध्ये सम्राट फ्रान्झ योझेफने तट पाडण्याचा हुकूम काढला आणि १८६५ मध्ये सुमारे पाच किलोमीटरचा हा रस्ता खुला झाला. पुढच्या पंचवीसेक वर्षांत त्याच्या कडेला ऑपेरा, संसद, नगरपालिका, विद्यापीठ, नाट्यगृह आणि दोन जुळी संग्रहालये उभी राहिली. तट पाडल्यावर मोकळी झालेली सगळीच जागा श्रीमंतांच्या हवेल्यांना न देता तिच्यावर इतक्या सार्वजनिक इमारती उभ्या राहिल्या, ही गोष्ट लक्ष्मी रस्त्यावर वाढलेल्या मला फार मोलाची वाटली.

गुरुवारी सायंकाळी सामान ठेवून आम्ही थेट कलेच्या इतिहासाच्या संग्रहालयात गेलो, कारण गुरुवारी ते रात्री नऊपर्यंत उघडे असते आणि त्या वेळी सहलींचे गट गेलेले असतात. १८९१ मध्ये उघडलेल्या या वास्तूत इजिप्तच्या ममींपासून राजघराण्याच्या सोन्यापर्यंत सारे काही आहे. आम्ही ते सगळे सोडून वरच्या मजल्यावर ब्रॉयगेलच्या दालनात बसलो. सोळाव्या शतकातल्या या फ्लेमिश चित्रकाराची जगात कुठेही नसतील इतकी चित्रे इथे एकत्र आहेत. बर्फात शिकारीहून परतणारी माणसे, बाबेलचा अर्धवट मनोरा आणि खळ्यातली लग्नाची पंगत यांपुढे लोक थांबतात; आम्ही मात्र १५६० मधल्या मुलांच्या खेळांच्या चित्रापुढे पाऊण तास काढला. एका चौकात दोनशेहून अधिक मुले ऐंशीच्या वर खेळ खेळत आहेत. कुणी चाक काठीने पळवते आहे, कुणी उड्या मारते आहे, कुणी काठीचा घोडा केला आहे, एका मुलीचे डोळे बांधले आहेत. ताई खालच्या डाव्या कोपऱ्याजवळ वाकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "अगं, सागरगोटे!" खरोखरच तिथे दोन मुली जमिनीवर बसून लहान हाडकांचे तेच खेळ खेळत होत्या जे आम्ही सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या ओट्यावर खेळलो होतो. एकीचा हात उघडा आहे, दुसरीची नजर खाली पडलेल्या हाडकावर आहे, आणि चेहऱ्यांवर खेळात रमलेल्या मुलीची ती ठरलेली गंभीरता आहे. साडेचारशे वर्षांपूर्वीचा आणि इतक्या दूरच्या देशातला चितारी आमचे अंगण पाहून आला असावा, असे क्षणभर वाटले.

शुक्रवारी सकाळी श्टेफान्सडोम. या चर्चचे दक्षिणेचे शिखर १३६ मीटर उंच आहे आणि ३४३ पायऱ्या चढून त्याच्या पहाऱ्याच्या खोलीपर्यंत जाता येते. जिना अरुंद आणि गोल आहे, त्यामुळे गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी उत्तरेकडच्या मनोऱ्याला असलेली लिफ्ट घ्यावी. वरून छपरावरच्या रंगीत कौलांची नक्षी दिसते. मला मात्र सर्वांत आवडलेली गोष्ट मुख्य दाराच्या बाजूला, हाताच्या उंचीवर, भिंतीत बसवलेली होती: लोखंडाच्या दोन पट्ट्या, एक थोडी आखूड आणि एक थोडी लांब. कापड मोजण्याची ही मध्ययुगीन मापे. आखूड पट्टी लोकरी कापडासाठी आणि लांब पट्टी तागाच्या कापडासाठी. व्यापाऱ्याने गज मारला अशी शंका आली की गिऱ्हाईक कापड घेऊन देवळाच्या दारात येई आणि सर्वांसमक्ष ते मोजून घेई. ताईने तिच्या ओढणीचा काठ त्या पट्टीला लावून पाहिला. लोखंड मधोमध गुळगुळीत झाले होते.

याच चर्चमधल्या पुमेरीन या प्रचंड घंटेची कथाही ऐकण्यासारखी आहे. १६८३ मध्ये तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला आणि सप्टेंबरमध्ये तो मोडला. मागे राहिलेल्या तुर्की तोफांच्या धातूतून १७११ मध्ये मूळ घंटा ओतली गेली. १९४५ च्या आगीत ती कोसळून फुटली आणि तिच्याच तुकड्यांतून १९५१ मध्ये आजची घंटा घडवली. १६८३ हे साल वाचले की मराठी माणसाच्या मनात संभाजी महाराजांची गोव्याची मोहीम येते. डॅन्यूबच्या काठी आणि मांडवीच्या काठी एकाच वर्षी एवढ्या मोठ्या लढाया चालू होत्या, हे शाळेत दोन वेगळ्या पुस्तकांत शिकल्यामुळे कधी एकत्र लक्षातच आले नव्हते.

तिथून चालत पंधरा मिनिटांवर रिंगवर विद्यापीठ आहे. त्याच्या मधल्या कमानींच्या चौकात कुणालाही जाता येते आणि प्राध्यापकांचे अर्धपुतळे पाहत बाकावर बसता येते. माझे इथे एक खाजगी काम होते. गेयोर्ग ब्यूलर हा जर्मन संस्कृतपंडित मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकवत होता आणि मुंबई इलाख्यात हस्तलिखिते जमवण्याच्या सरकारी मोहिमेत त्याचा मोठा वाटा होता. त्या मोहिमेतला संग्रह आधी डेक्कन कॉलेजात ठेवला गेला आणि १९१८ मध्ये पुण्याच्या विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेकडे आला. ब्यूलर १८८० नंतर व्हिएन्ना विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि अखेरपर्यंत तिथेच राहिला. त्या रस्त्यावरून रोज ये-जा करणाऱ्या माझ्यासारखीला त्या चौकात पाच मिनिटे शांत बसणे आवश्यक वाटले. पर्यटनाच्या यादीत ही जागा बसणार नाही, पण आपल्या गावाचा धागा दूरच्या गावात सापडला तर तो हातात धरून पाहावा.

आता कॉफीगृहांविषयी. व्हिएन्नातली कॉफीगृहे ही संस्थाच आहे आणि २०११ मध्ये ऑस्ट्रियाच्या अमूर्त वारशाच्या यादीत तिचा समावेश झाला. कॉफी लहान धातूच्या तबकात येते, सोबत पाण्याचा पेला असतोच, आणि वर्तमानपत्रे लाकडी दांडीला अडकवून ठेवलेली असतात. एक प्याला घेऊन दोन तास बसले तरी उठा असे कुणी सुचवत नाही. पुण्याच्या गुडलक कॅफेत बनमस्का आणि चहावर तासन्‌तास गप्पा मारलेल्यांना ही रीत समजावून सांगावी लागणार नाही. आम्ही गर्दीचे कॅफे सेंट्रल बाहेरूनच पाहिले आणि १८८० पासूनच्या कॅफे श्पेर्लमध्ये बसलो. मेलांज म्हणजे दुधाच्या फेसाची सौम्य कॉफी. पुणेकर जिभेला तीच पटकन रुचते.

शाकाहारी माणसाने तिथे थोडे सावध असावे. बटाट्याच्या साध्या दिसणाऱ्या सॅलडमध्ये आणि बहुतेक सारांमध्ये गोमांसाचा अर्क असू शकतो, तेव्हा नुसते "मांस नाही ना?" असे न विचारता "कशाच्या पाण्यात शिजवले आहे?" असे विचारावे. चीजमधल्या नूडल्स, भाज्या आणि पोळीसारख्या पातळ लाटीत सफरचंद गुंडाळून भाजलेला श्ट्रुडेल यांवर आमचे पोट उत्तम भरले, आणि नाशमार्क्टच्या बाजारात फलाफल व ऑलिव्ह हवे तेवढे मिळतात.

शुक्रवारची संध्याकाळ हा आमच्या सहलीचा गाभा होता. व्हिएन्नाच्या सरकारी ऑपेरात बसण्याची तिकिटे महाग असतात, परंतु उभ्याने ऐकणाऱ्यांसाठी जागा राखून ठेवलेल्या असतात आणि त्यांची तिकिटे प्रयोगाच्याच दिवशी अगदी थोड्या युरोंत मिळतात. तळमजल्यावरची उभ्यांची जागा तर जुन्या शाही सज्जाच्या बरोबर खाली, रंगमंचाच्या समोर आहे. आम्ही रांगेत लवकर उभ्या राहिलो. आत गेल्यावर जो तो कठड्याजवळ आपली जागा धरतो आणि कठड्याला रुमाल किंवा स्कार्फ बांधून ठेवतो. मग निर्धास्तपणे बाहेर जाऊन पाणी पिऊन यावे, बांधलेल्या जागेला कुणी हात लावत नाही. ताईने तुळशीबागेत घेतलेला आपला निळा स्टोल खांद्यावरून काढला आणि शेजारच्या विद्यार्थ्याने त्याच्या लोकरी मफलरची बांधली होती तशी साधी गाठ मारली. त्या रांगेत काळे, तांबडे, चौकटीचे कितीतरी रुमाल होते आणि त्यांत तो बांधणीचा निळा स्टोल होता. तो मुलगा ताईकडे पाहून हसला आणि कठड्यावरच्या छोट्या पडद्यावर इंग्रजी भाषांतर कसे लावायचे ते त्याने दाखवले.

ज्यांनी सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात भारतीय बैठकीवर रात्री काढल्या आहेत, त्यांना या कठड्यामागच्या माणसांची जात लगेच ओळखू येईल. ते थकलेले असतात, बहुतेक तरुण किंवा बहुतेक म्हातारे असतात, आणि त्यांना सारे पाठ असते. गायिकेने एक लांब स्वर अगदी बारीक करत नेला आणि संपवला, तेव्हा समोरच्या खुर्च्यांत टाळ्या सुरू होण्याआधी आमच्या मागून एका वृद्ध गृहस्थांचा जो दबलेला उद्गार आला, तो आपल्या "क्या बात है"चाच सख्खा भाऊ होता. ताई हार्मोनियम शिकवते. मध्यंतरात ती एवढेच म्हणाली की इथे सगळा आवाज माणसाच्या छातीतून येतो आहे, मध्ये मायक्रोफोन नाही, आणि आपण हे ऐकणे किती वर्षांत विसरलो. १८६९ मध्ये मोझार्टच्या ऑपेराने उघडलेली ही वास्तू मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली होती आणि नोव्हेंबर १९५५ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी मे महिन्यात बेल्व्हेडेर राजवाड्यात झालेल्या करारानुसार परकी सैन्ये ऑस्ट्रियातून निघाली. एका सूचनेची इथे गरज आहे: जुलै-ऑगस्टमध्ये ऑपेरा बंद असतो, म्हणून ज्यांना संगीताची ओढ आहे त्यांनी सप्टेंबर ते जून यांतला काळ निवडावा.

शनिवार ७१ क्रमांकाच्या ट्रामचा. श्वार्त्सेनबेर्गप्लात्सवर उतरलो तो समोर उंच कारंजे उसळत होते. १८७३ मध्ये आल्प्सच्या डोंगरांतले झऱ्याचे पाणी प्रथम शहरात पोहोचले, त्या आनंदात हे कारंजे सुरू झाले. त्यापूर्वी विहिरींच्या दूषित पाण्याने शहरात विषमज्वर आणि पटकीचे थैमान असे. भूगर्भशास्त्रज्ञ आणि नगरसेवक असलेल्या एडुआर्ड झ्यूसने हा प्रकल्प चिकाटीने पुढे नेला. सुमारे नव्वद किलोमीटर अंतर पाणी केवळ उताराने येते. १९१० मध्ये दुसरी वाहिनी आली, आणि आजही शहराच्या नळाला हेच डोंगरातले पाणी येते. हे वाचताना मला कात्रजचा नळ आठवला. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजच्या तलावातून जमिनीखालून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत पाणी असेच उताराने आणले होते, वाटेत हवेसाठी उच्छ्वास बांधले होते. म्हणजे आमच्या गावाने ही विद्या व्हिएन्नाच्या सव्वाशे वर्षे आधी वापरली होती. त्यांनी ती जपली आणि वाढवली. आम्ही हौद बुजवले आणि बाटल्या विकत घेतो. पुण्यातले उरलेले उच्छ्वास तरी शाबूत राहावेत, असे मला त्या कारंज्यासमोर फार मनापासून वाटले. प्रवाशासाठी व्यावहारिक गोष्ट ही की व्हिएन्नात पाण्याची बाटली विकत घेऊ नये. रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत.

पुढे थोड्याच अंतरावर बेल्व्हेडेर. चित्रकार क्लिम्टचे "चुंबन" हे सोनेरी चित्र तिथे आहे, गर्दीही तिथेच आहे, आणि बागेतून फिरायला पैसे पडत नाहीत. नंतर झांक्ट मार्क्स. इथल्या लहानशा स्मशानभूमीत १७९१ मध्ये मोझार्टला पुरले, पण साध्या नागरिकाप्रमाणे खुणेशिवाय, त्यामुळे नेमकी जागा कुणालाच ठाऊक नाही. अंदाजाच्या ठिकाणी नंतर स्मारक उभारले आहे.

ट्राम पुढे मध्यवर्ती स्मशानभूमीला जाते. कुणी वारले की व्हिएन्नाचे लोक "त्याने एकाहत्तर पकडली" असे म्हणतात. आपल्याकडे पुण्यात "वैकुंठाला नेले" म्हणतात तसेच हे, आणि ताईला ते लगेच पटले. १८७४ मध्ये सुरू झालेल्या या स्मशानभूमीत सुमारे तीस लाख माणसे विसावली आहेत. दुसऱ्या दारापाशी उतरले की संगीतकारांचा भाग जवळ पडतो. बेथोव्हेनच्या पांढऱ्या स्तंभावर सोनेरी वीणेसारखे वाद्य आहे आणि खाली फक्त आडनाव. शेजारी शुबर्ट, पलीकडे ब्राम्स आणि श्ट्राउस, आणि मध्ये ज्याची समाधी सापडली नाही त्या मोझार्टचे स्मारक. बेथोव्हेन आणि शुबर्ट यांचे अवशेष १८८८ मध्ये दुसरीकडून इथे हलवण्यात आले. पिवळी पाने ओल्या दगडांवर पडली होती, कुणीतरी बेथोव्हेनच्या पायथ्याशी हाताने लिहिलेली स्वरलिपी दगडाखाली दाबून ठेवली होती आणि पावसाने तिची शाई पसरली होती. ताई चप्पल काढून दोन मिनिटे उभी राहिली.

रविवारी सकाळी आम्ही युडेनप्लात्सला गेलो. १९३८ पूर्वी या शहरात दोन लाखांच्या आसपास ज्यू राहत होते. नाझी राजवटीत ऑस्ट्रियातल्या ६५ हजारांहून अधिक ज्यूंची हत्या झाली. त्यांचे स्मारक म्हणजे काँक्रीटची एक बंद खोली आहे. तिच्या भिंती पुस्तकांच्या आहेत, पण पुस्तकांच्या पाठी आत वळवलेल्या, म्हणून एकाचेही नाव वाचता येत नाही. दाराला मूठ नाही. पायथ्याशी ज्या ठिकाणी माणसे मारली गेली त्यांची नावे कोरली आहेत. राजवाडे पाहणाऱ्याने ही जागा वगळू नये. चौकात आमच्याशिवाय कुणी नव्हते.

शेवटचे ठिकाण होते कार्ल-मार्क्स-होफ, हाइलिगेनश्टाट मेट्रो स्थानकाच्या समोर. १९३० मध्ये पूर्ण झालेली ही नगरपालिकेची चाळ म्हणावी तर चाळ, वाडा म्हणावा तर वाडा: एक किलोमीटरहून लांब, चौदाशेच्या आत-बाहेर बिऱ्हाडे, प्रचंड कमानी, आणि आत झाडांची मोठाली अंगणे, धुलाईघरे, बालवाड्या. आजही नगरपालिकेच्या मालकीची सुमारे २ लाख २० हजार घरे या शहरात आहेत आणि सामान्य पगारदार माणूस शहरात राहू शकतो. अंगणात एक आजी नातवाला सायकल शिकवत होत्या आणि वरच्या खिडकीतून कुणीतरी सूचना देत होते. म्हाडाच्या सोडतीची वाट पाहत वर्षे काढलेले कितीतरी लोक माझ्या नात्यात आहेत. त्यांना इथे आणून बसवावे, असे वाटत राहिले. शोनब्रुनचा राजवाडा आम्ही याच सकाळसाठी सोडला होता आणि त्याची हळहळ दोघींनाही वाटली नाही.

दुपारच्या गाडीआधी ताईने दोन्ही बाटल्या नळावर काठोकाठ भरून घेतल्या. साल्झबुर्ग आले तेव्हा गाडी काही मिनिटे थांबली; किल्ला खिडकीतून स्पष्ट दिसत होता. ताईने त्याच्याकडे नीट पाहून घेतले, बाटलीचे झाकण उघडले आणि मला म्हणाली, "घे, अजून गार आहे."